पसंत करून आणलेली थोरली

माझ्या थोरल्या बहिणीसारखी हुकूम सोडणारी बाई त्या काळात सबंध आखातात दुसरी नव्हती, आणि तो सगळा राजेरजवाड्यांचा मुलूख आहे हे ध्यानात ठेवूनच मी हे लिहिते आहे. वास्तविक मी आईबाबांची एकुलती एक. थोरली मला मिळाली ती अठराव्या वर्षी, दोह्यात, कॉलेजच्या व्हॅनमध्ये, आणि तीसुद्धा मी मागितली म्हणून नव्हे. तिनं मला निवडलं. पहिल्याच दिवशी मी ड्रॉइंगचा भला मोठा फोल्डर छातीशी धरून, अंग चोरून व्हॅनच्या दारात उभी होते, तेवढ्यात मागच्या सीटवरून आवाज आला, "ही आपली. हिला आत घ्या." आपली म्हणजे कुणाची आणि का, हे विचारायची माझी छाती नव्हती. तशी ती कुणाचीच नसायची.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. बाबा पुण्यातली नोकरी सोडून गॅसच्या प्लांटवर सेफ्टी इंजिनिअर म्हणून कतारला आले आणि आम्ही दोह्याच्या ओल्ड एअरपोर्ट भागात फ्लॅट घेतला. एका अमेरिकन कॉलेजनं दोह्यात फक्त मुलींसाठी डिझाइनची शाखा काढली होती, तिथे माझं नाव घातलं. थोरली माझ्या दोन वर्षं पुढे. तिचे वडील रत्नागिरीकडचे, पाइप आणि नळाचं सामान आणणाऱ्या एका कंपनीत स्टोअरकीपर. घर नजमा नावाच्या वस्तीत, दुकानांच्या वरच्या मजल्यावर. चार बहिणींत ही सगळ्यांत मोठी. घरी तीन धाकट्या असताना हिला बाहेर आणखी कशाला हव्या होत्या, असं कुणालाही वाटेल. मी तिला ते एकदा विचारलंही, अर्थात पुढे, विचारायला लागले तेव्हा. "त्या जन्मानं मिळाल्या गो," ती म्हणाली. "त्यात माझं काय कर्तृत्व? बहीण कशी, बघून, पारखून, पसंत करून आणली पायजे."

हे खूळ तिच्या डोक्यात शिरलं ते लायब्ररीमुळे. अमेरिकेतल्या मूळ कॉलेजाकडून पुस्तकांच्या खोक्यांतून तिथले जुने वार्षिकांक आले होते. त्यांत पानोपानी एकसारखे स्वेटर घातलेल्या मुली एकमेकींच्या गळ्यात हात टाकून एका मोठ्या पांढऱ्या घरापुढे हसत उभ्या असायच्या आणि खाली लिहिलेलं असायचं, सोरॉरिटी. म्हणजे कॉलेजातल्या मुलींचं बहीणमंडळ. एका घरात एकत्र राहायचं, जुन्या मुलीनं नवीला धाकटी म्हणून पदरात घ्यायचं, नवीनं काही दिवस उमेदवारी करायची, मग मेणबत्त्या लावून शपथ. थोरलीनं ते सगळे अंक पोथी वाचावी तसे वाचून काढले. दोह्यात असलं काही नव्हतं आणि खरं सांगायचं तर कुणी मागितलंही नव्हतं. पण न मागितलेली गोष्ट देण्यात थोरलीचा हात धरणारं कुणी नव्हतं. मंडळाच्या नावाला तीन ग्रीक अक्षरं लागतात असं कळल्यावर शाळेत गणिताच्या तासाला ज्यांनी तिला सर्वांत जास्त छळलं होतं ती तीन तिनं निवडली. मंडळाचं नावही झालं आणि सूडही उगवून झाला.

अडचण आली घराची. सोरॉरिटीला घर लागतंच, असं प्रत्येक अंकात लिहिलेलं. आम्ही सगळ्या आपापल्या आईबापांच्या घरी राहणाऱ्या, त्या काळच्या दोह्यात पाच वाजल्यानंतर बाहेर जायचं म्हणजे बाप नाहीतर भाऊ बरोबर घ्यायचा. दुसरी कुणी असती तर इथेच हात टेकले असते. थोरलीच्या असं लक्षात आलं की नजमा, अल नस्र, ओल्ड एअरपोर्ट करत करत व्हॅन कॉलेजात पोचायला सव्वा तास घेते आणि परतायला सव्वा तास. रोज अडीच तास आपण एका छपराखाली काढतो, बोलतो, खातो, झोपतो. मग घर म्हणजे याहून वेगळं काय असतं? झालं, व्हॅन हेच घर. शेवटची रांग दिवाणखाना. मधली अभ्यासाची खोली. दाराजवळची एकटी सीट ही रुसायची जागा. जिला रडायचं असेल तिनं तिथे बसायचं आणि बाकीच्यांनी दोन सिग्नल जाईपर्यंत तिच्याकडे बघायचं नाही. आणि घर म्हटल्यावर चपला दाराशी काढणं आलंच. नऊ मुलींच्या अठरा चपला पायरीवर रचून व्हॅन निघायची. आमचे ड्रायव्हर चाचा हैदराबादचे. ते रोज न चुकता म्हणायचे, "बेटी, ये गाडी है, तुम्हारा घर नई." "चाचा, आप आगे देखो," थोरली म्हणायची, "घर के बड़े लोग कम बोलते." यावर चाचा खरंच गप्प बसायचे. मला वाटतं, त्यांना मनातून ते घरातलं मोठेपण आवडलं होतं.

एक दिवस अल नस्रच्या वळणावर दार नीट लागलं नव्हतं आणि माझी उजवी चप्पल रस्त्यावर पडली. पडताना मी डोळ्यांनी बघितली. सांगावं म्हणून तोंड उघडेपर्यंत दोन सिग्नल मागे गेले होते, आणि मग वाटलं, आता कशाला उगीच सगळ्यांना त्रास. दिवसभर मी कॉलेजात एक चप्पल घालून वावरले. संध्याकाळी थोरलीनं मला मधल्या रांगेत समोर बसवून उलटतपासणी घेतली. चप्पल पडताना बघितलीस? मी मान हलवली. मग ओरडली का नाहीस? मी खाली बघितलं. "म्हंजे तुझा आजार हा हाय," ती म्हणाली आणि तिचा चेहरा रोगाचं निदान सापडलेल्या डॉक्टरसारखा उजळला. "बरं झालं चप्पल गेली. यल्ला, चल, उद्यापासून उमेदवारी!"

अमेरिकेत म्हणे जुन्या मुली नव्यांकडून बूट पुसून घेत, अंगणात उलट्या उड्या मारायला लावत. थोरलीला हा शुद्ध वेडेपणा वाटे. तिनं प्रत्येक नवीसाठी चाळीस दिवसांची वेगळी उमेदवारी बेतली होती. एका इजिप्तच्या मुलीला चिडायची सवय, तिला चाळीस दिवस रोज कुणाचं तरी कौतुक करायची शिक्षा झाली. श्रीलंकेची एक भारी नीटनेटकी, तिनं रोज एक रेघ वाकडी काढायची. आणि मी, मी रोज एका अनोळखी माणसाला एक प्रश्न विचारायचा. उत्तर आणून व्हॅनमध्ये मोठ्यानं सांगायचं. पहिल्या दिवशी नजम्यातल्या कॅफेटेरियासमोर व्हॅन थांबली. दोह्यात अशा वेळी गाडीतच बसून हॉर्न वाजवतात आणि चहा गाडीपाशी येतो. थोरलीनं चाचांच्या हातावर फटका मारून हॉर्न थांबवला आणि मला खाली उतरवलं. जाऊन विचारायचं, नऊ चहा मिळतील का. मी काउंटरपाशी उभी राहिले. घशातून हवा यायची, शब्द यायचा नाही. त्या माणसानं माझ्या चेहऱ्याकडे बघून, भूक लागली असावी अशा समजुतीनं विचारलं, "एग सँडविच?" नाही म्हणायला शब्द लागतो. हो म्हणायला नुसती मान पुरते. किती, असं त्यानं विचारल्यावर मी नऊ बोटं दाखवली. व्हॅनमध्ये नऊ जणींनी मुकाट्यानं अंडा सँडविच खाल्लं, आणि थोरलीनं मंडळाच्या वहीत लिहिलं, "उमेदवार बोलली नाही. पण बोटं बरोबर दाखवली."

ही वही हा एक स्वतंत्र प्रकार होता. मंडळाचं इतिवृत्त ती मराठीत लिहायची. का, तर घरची गोष्ट घरच्या भाषेत लिहावी. नऊ जणींत मराठी वाचू शकणाऱ्या आम्ही दोघीच. बाकीच्या सात जणी दर आठवड्याला त्याखाली अरबी, मल्याळी, सिंहली अशा मिळेल त्या लिपीत सही करायच्या. आपण कशाखाली सही करतो आहोत हे त्यांना आजतागायत ठाऊक नसेल. तिच्या पर्समध्ये नेहमी एक लोखंडी फूटपट्टी असे आणि जी वस्तू दिसेल ती ती मोजत असे. दारं, बाकं, केक, एकदा एका प्राध्यापिकेची टाच. "माप माहीत असलं की भीती जाते," असं ती म्हणायची. अशा मुलीच्या तावडीत मी चाळीस दिवस होते. आणि दहाव्या दिवशी माझ्या तोंडून शब्द फुटला. पंधराव्या दिवशी मी लायब्रेरियनला प्रश्न विचारला, तिसाव्या दिवशी थेट डीनबाईंच्या खोलीत जाऊन विचारलं की तुमच्या कोपऱ्यातलं झाड खरं आहे का. झाड खोटं होतं. पण त्या इतक्या मनापासून हसल्या की मी धावत व्हॅनपर्यंत आले आणि चढता चढताच ओरडले, "खोटं आहे! झाड खोटं आहे!" आठ जणींनी टाळ्या वाजवल्या. माझ्या अठरा वर्षांच्या आयुष्यात माझ्या बोलण्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. त्या दिवशी मला रात्रभर झोप आली नाही, इतका आनंद झाला.

उमेदवारी संपली की मुलीच्या घरी जाऊन रीतसर चहा घ्यायचा आणि मग तिला मंडळात घ्यायचं, असा एक नियम त्या अंकांत होता. बाहेर एवढं बोलायला लागलेली मी घरी मात्र अजून तशीच मुखदुर्बळ. मंडळाबद्दल मी आईबाबांना चकार शब्द सांगितला नव्हता. आणि थोरलीच्या घरची रीत अशी, की लग्नाच्या वयाची मुलगी कुणाच्या घरी पहिल्यांदा जाते ती वडीलधाऱ्यांबरोबर. त्यामुळे एका शुक्रवारी पाच वाजता आमच्या दारात थोरली उभी राहिली, आणि तिच्यामागे जरीचा बुरखा घातलेली तिची आई, शेजारच्या एक म्हाताऱ्या खाला आणि मिठाईचा दोन किलोंचा खोका. आईनं दार उघडलं. अनोळखी असली तरी मराठी बोलणारी माणसं दाराशी आलेली बघून तिला आनंदच झाला. तिनं सगळ्यांना बसवलं आणि सवयीनं पोहे टाकले, त्यामुळे तर देखावा अगदीच पुरा झाला.

थोरलीनं आपल्या आईला सांगून ठेवलं होतं की मुलीला चार प्रश्न विचारायचे असतात. आता मुलीला घरी बघायला जाऊन प्रश्न विचारायचा एकच प्रकार त्या माउलीला आयुष्यात माहीत होता. तिनं मला समोर बसवलं, डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि बाबांना विचारलं, "मुलीला चष्मा कधीपास्नं? रागीट हाय का? आजीआजोबांत कुणाला डायबेटिस?" बाबा आखडून बसले. खालांनी माझा हात हातात घेऊन बोटं बघितली आणि मान डोलावली. थोरली कोपऱ्यात बसून, सगळं कसं रीतीप्रमाणे चाललंय या समाधानात, फूटपट्टीनं आमचा टीपॉय मोजत होती. मी बोलायला हवं होतं. पण आईबाबांसमोर माझी जीभ पुन्हा टाळ्याला चिकटली. मग थोरलीच्या आईनं खोका उघडला, बुरखा सारखा केला आणि म्हणाली, "वहिनी, मुलगी आमाला पसंत हाय. तुमची हरकत नसंल तर आजच तोंड गोड करून टाकू."

आईच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. बाबा व्यवसायानं सेफ्टी इंजिनिअर. संकटाच्या वेळी आवाज चढवायचा नाही आणि आधी माहिती गोळा करायची, हे त्यांनी शेकडो लोकांना शिकवलेलं. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि अतिशय सभ्यपणे विचारलं, "आपला मुलगा काय करतो?"

"मुलगा?" थोरलीची आई चकित होऊन म्हणाली. "मना मुलगा नाय हो. चार मुलीच हायत!"

बाबा आईकडे बघायला लागले, आई माझ्याकडे. शेवटी थोरलीच पुढे झाली आणि तिनं सोरॉरिटी म्हणजे काय इथपासून व्हॅनमधल्या रुसायच्या सीटपर्यंत सगळं सांगितलं. ती सांगत असताना आधी आईचे खांदे हलायला लागले. मग बाबा. परदेशात आल्यापासून बाबांना मी असं डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसताना बघितलं नव्हतं. थोरलीच्या आईला आपण नक्की काय केलं हे खालांनी कानात सांगितल्यावर तिनं बुरख्यात तोंड लपवलं आणि तीही हसत सुटली. पोहे दोनदा झाले, खोका रिकामा झाला. जाताना थोरलीची आई माझ्या आईचा हात धरून म्हणाली, "वहिनी, पसंत हाय ते खरंच हां." पुढच्या आठवड्यात व्हॅनमध्ये माझी शपथ झाली. मेणबत्त्यांना चाचांनी ठाम नकार दिला, म्हणून प्रत्येकीनं आपापल्या सीटवरचा, व्हॅनच्या छपरातला छोटा दिवा लावला, आणि मी सगळ्यांसमोर खणखणीत आवाजात शपथ वाचली. चाचांनी आरशातून बघून "शाबास" म्हटलं.

असं वर्षभर चाललं होतं. आणि मग उन्हाळ्याच्या तोंडाशी एक दिवस थोरली व्हॅनमध्ये चढली ती चपला न काढताच. दाराजवळच्या एकट्या सीटवर बसली आणि वही माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, "आता तू लिव." नियमाप्रमाणे दोन सिग्नल आम्ही तिच्याकडे बघितलं नाही. तिसऱ्याला मी बघितलं. तिच्या वडलांची कंपनी बंद होत होती. महिन्याभरात सगळ्या कुटुंबानं गाशा गुंडाळून रत्नागिरीला परत जायचं होतं, आणि थोरलीचा व्हिसा वडलांच्याच नावावर. तिची पदवी एका वर्षावर आली होती. एवढी मोजमाप करणारी मुलगी, पण हे एक वर्ष तिच्या फूटपट्टीच्या बाहेर गेलं होतं. "खलास," ती म्हणाली. "नशिबात असंल तर होईल कधीतरी." तिच्या तोंडून नशीब हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला आणि मला तिचा भयंकर राग आला.

मी डीनबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, कॉलेज तिला आपल्या व्हिसावर घ्यायला तयार आहे. पण मुलींचं वसतिगृह तेव्हा नव्हतं, तेव्हा दोह्यातल्या एखाद्या कुटुंबानं तिला घरी ठेवून घ्यावं आणि पालक म्हणून सही करावी. खालांच्या दोन खोल्यांत आधीच सात माणसं. दुसरं घर थोरलीनं शोधलंच नव्हतं, कारण तिच्या वडलांनी आधीच सांगून टाकलं होतं की परक्या घरात मुलगी ठेवणार नाही. म्हणजे सगळं अडलं होतं ते त्या एका माणसापाशी. मी चाचांना म्हटलं, मला त्यांच्या स्टोअरवर सोडा.

ते एक उंच, मितभाषी गृहस्थ. पाइपांच्या रांगांमध्ये एका लाकडी खुर्चीवर बसले होते. मी नमनाला घडाभर तेल घालायच्या भानगडीत पडले नाही. उभ्या उभ्या बोलायला लागले ती पंधरा मिनिटं थांबले नाही. तिनं मला कसं बोलतं केलं, चपलेचं काय झालं, झाड कसं खोटं निघालं, तिच्याशिवाय आठ जणींचं काय होईल, तिनं बनवलेली डिझाइनं किती सुंदर आहेत, सगळं आडपडदा न ठेवता सांगितलं आणि शेवटी म्हटलं, "तिला आमच्याकडे राहू द्या."

त्यांनी मला बसायला एक स्टूल पुढे केलं. मग म्हणाले, "तुमी लोक वेगळे, बेटा. तिचं नमाज, रोजे. आणि मासळीबिगर ती दोन दिस राहात नाय. तुमच्या घरात तिनं कसं राहायचं?"

"काका," मी म्हटलं, "ती जिथे जाते तिथले नियम तीच करते. ती आमच्याकडे आली की महिन्याभरात आम्हीच तिच्या घरी राहायला लागू."

ते एकदम हसले. हसता हसता त्यांनी तोंड फिरवलं आणि पाइपांकडे बघत म्हणाले, "तू ती बोटं दाखवणारी ना? बोलतेस की चांगली." मग म्हणाले, "तुझ्या बापाला सांग, मी सही करायला येतो."

हे ऐकून मी आनंदानं उडतच बाहेर आले आणि व्हॅनच्या पायरीवर पाय ठेवताना माझ्या ध्यानात आलं की मी अजून माझ्या आईबाबांना विचारलेलंच नाही. घरी जाईपर्यंत पाचावर धारण बसली होती. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मी एका दमात सांगितलं की मी थोरलीच्या वडलांना शब्द देऊन आले आहे, ती वर्षभर आपल्याकडे राहणार.

आईनं गॅस बंद केला. "मला विचारलंस?"

"नाही."

"बरं केलंस," आई म्हणाली. "विचारलं असतंस तर मी आठ दिवस विचार केला असता." आणि बाबांनी माझ्या खोलीत दुसरी कॉट मावते का हे बघायला टेप काढला.

थोरली आली आणि मी तिच्या वडलांना सांगितलं होतं त्यातलं अक्षर न अक्षर खरं ठरलं, फक्त महिना लागला नाही, आठवड्यात झालं. पहिल्या दिवशी तिनं आईचे सगळे डबे उंचीप्रमाणे लावले. दुसऱ्या दिवशी बाबांना सांगितलं की आल्या आल्या बातम्या लावायच्या नाहीत, आधी घरातल्या एका माणसाशी पाच मिनिटं बोलायचं. बाबा बिचारे रोज दारातून आत येताना विषय शोधत यायचे. मासळी दर शुक्रवारी खालांकडे असं ठरलं होतं. चौथ्या शुक्रवारी आईनंच गॅलरीत एक छोटा स्टोव्ह आणि एक वेगळा तवा ठेवला आणि म्हणाली, "इथे काय ते तळ, पण दार लावून." सुरमई तळली जात असताना आई दाराच्या आतून मीठ किती, कोकमाचं आगळ किती ते विचारायची. खाल्ली कधी नाही, पण वर्षाअखेर तिला सगळी कृती पाठ झाली होती. रमजान आला तेव्हा आईनं कंबर कसली. तिच्या हिशेबी उपास म्हणजे साबुदाणा. संध्याकाळी मगरिबच्या अजानीला थोरलीनं खजूर तोंडात टाकला आणि डोळे उघडून बघते तर समोर खिचडी, वडे, वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. तीसच्या तीस दिवस तिनं उपासाच्या पदार्थांनी रोजा सोडला, आणि ईदच्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाली, "काकूंना बोलू नको हां, पण दाण्याची आमटी मना आता सपनात दिसते."

भांडलोही आम्ही. खिडकीजवळची कॉट कुणाची, पंखा किती जोरात, आईनं दोघींसाठी आणलेल्या कापडातला निळा तुकडा कुणाचा. मला भांडायची सवय नव्हती. घरात भांडायला कुणी नव्हतंच कधी. पहिल्या भांडणानंतर मी रडले आणि आईला सांगायला गेले, तर आई म्हणाली, "तुमचं तुम्ही बघून घ्या," आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही समाधान होतं की मी रडायची थांबले. मे महिन्यात थोरली पास झाली. समारंभात घरच्यांसाठी ठेवलेल्या दोन खुर्च्यांवर आई आणि बाबा बसले. तिचं नाव पुकारल्यावर बाबा आधी उभे राहिले. जूनमध्ये ती गेली. विमानतळावर मी खूप बोलले, ती जवळजवळ काहीच बोलली नाही.

त्यानंतर काही वर्षांनी बाबा निवृत्त झाले आणि ते आणि आई पुण्याला परतले. मी दोह्यातच नोकरीला राहिले. माणसांपुढे उभं राहून बोलणं हेच आता माझं काम आहे. थोरलीनं रत्नागिरीत दुकानांच्या आतल्या सजावटीची कामं घ्यायला सुरुवात केली, लग्न केलं, नवऱ्याला माणसात आणलं. आम्ही फोन करत होतो, पण दोघींना कामं, तेव्हा महिना महिना जायचा. मागे आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. मला रजा मिळायला वेळ लागला आणि मी पोचले तेव्हा ऑपरेशन होऊन चार दिवस झाले होते. थोरली त्याआधीच येऊन बसली होती. मला तिनं सांगितलंही नव्हतं.

दुपारची वेळ होती. पुण्याच्या घराचं दार लोटलेलं होतं, आतून बोलणं ऐकू येत होतं. व्यायाम करून घ्यायला आलेली बाई आईला विचारत होती, "काकू, मुलं किती तुम्हाला?"

"दोन मुली," आई म्हणाली. "थोरली ही. धाकटी आज येतेय कतारहून."

थोरली आतून कुठूनसं म्हणाली, "काकू, पाय वाकवा आधी, गप्पा मग."

मी हातातली बॅग खाली ठेवली. आयुष्यभर एकुलती एक असल्याचं मला जे कौतुक होतं ते त्या एका वाक्यानं काढून घेतलं, आणि मला इतकं भरून आलं की दार ढकलवेना. आत आई कुरकुरत होती, थोरली तिला दहा आकडे मोजायला लावत होती, मध्येच दोघी हसत होत्या. त्यांचे दहा आकडे पुरे होईपर्यंत मी बाहेरच उभी राहिले.